पिस्तूल खडखडतं म्हणजे बिघडलंय का?

दादरची बरीच मुलं नेमबाजीची सुरुवात एअर पिस्तुलावर करतात. शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकातल्या रेंजवर १० मीटरला हात बसला, की पुढे .२२ पिस्तुलासाठी वरळीची रेंज गाठायची. एअर पिस्तुलाला मागेपुढे धावणारी स्लाइड नसते, सगळं कसं एकसंध असतं. मग पहिल्यांदा सेमी-ऑटोमॅटिक हातात येतं, स्लाइड चिमटीत धरून हलवली की ती डावी-उजवीकडे डुलते, आणि मुलांपेक्षा पालकांचाच चेहरा उतरतो. ‘सर, हे झिजलंय का?’ शिकवताना मला हा प्रश्न सतत ऐकावा लागतो, आणि तो मी कधीच हसण्यावारी नेत नाही. कारण याच शंकेपायी एकदा कुणाचा तरी जीव जायचा.

आमच्याकडे एक काका सरावाला येत. वडिलांच्या पश्चात रीतसर आपल्या परवान्यावर घेतलेलं जुनं .३२ पिस्तूल त्यांच्याकडे होतं. नेम चांगला लागायचा, पण स्लाइड हलायची, आवाजही यायचा. मनात किंतु शिरला आणि एका दुरुस्तीवाल्याने फ्रेमच्या कडा ठोकून स्लाइड आवळून दिली. हाताला पिस्तूल अगदी नवं वाटू लागलं. पुढच्या सरावात मात्र काडतूस आत जायचं, पण स्लाइड पुढे जाताना शेवटी अडकायची. काका गोंधळले. ‘बघा हो, काय झालंय ते,’ म्हणत पिस्तुलासकट माझ्याकडे वळले. चेंबरमध्ये काडतूस, बोट चापापाशी, आणि नळी रांगेतल्या पोरांकडे. मनगट धरून नळी टार्गेटकडे फिरवली, म्हणून निभावलं.

एवढं करून मिळालं काय? वाळूच्या पिशवीवर टेकवून आधी मारलेलं टार्गेट आणि आवळल्यानंतरचं टार्गेट शेजारी ठेवलं. छिद्रांचा पसारा तेवढाच होता.

असं का, ते नीट समजून घ्यायला हवं. गोळी जाते नळीतून आणि डोळा पाहतो साइटमधून. दर वेळी या दोघांचं एकमेकांशी नातं तेच राहिलं, तर नेम टिकतो. आपल्या लष्करातलं ईशापूरचं ९ मिमी पिस्तूल, म्हणजे ब्राउनिंगची रचना, घ्या. त्यात गोळी सुटताना नळी स्लाइडमध्ये अडकून बसलेली असते आणि दोन्ही साइट त्याच स्लाइडवर. स्लाइड फ्रेमवर थोडी डुलली तरी नळी आणि साइट बरोबरच डुलतात, डोळा ते सावरून घेतो. खेळातल्या बऱ्याच .२२ पिस्तुलांत साइट आणि नळी पक्क्या असतात, हलतो तो आतला बोल्ट. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलाचं; त्या प्रकारात अशीच पिस्तुलं दिसतात.

काकांच्या .३२सारख्या पिस्तुलात मात्र नळी फ्रेमला पक्की आणि साइट स्लाइडवर. इथे सैलपणाचा परिणाम होऊ शकतो, ते मी नाकारत नाही. दोन साइटमध्ये १२५ मिलिमीटर अंतर असेल आणि मागची साइट नळीच्या मानाने ०.१ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी २० मिलिमीटर बाजूला जाते. पण तिथल्या प्रिसिजन टार्गेटवर १०चं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. शिवाय फोरसाइट खाचेत तेवढीच डावी-उजवी पाहण्याची चूक आपला डोळा आणि मनगट सहज करतात. नवख्याने नऊ-आठ मारले की दोष स्लाइडला देऊ नये.

स्लाइड आणि फ्रेममधली फट मुद्दाम ठेवलेली असते. काजळी, तेल, धूळ यांना जागा लागते. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या पिस्तुलाचं तेल चिकट होतं, तेव्हा ही फटच स्लाइडला चालती ठेवते. स्पर्धेत घात होतो तो बिघाडाने. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन वेळी बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली.

तेव्हा शंका आली तर आधी मॅगझिन काढा आणि चेंबर रिकामं असल्याची खात्री डोळ्याने आणि बोटाने करा. ब्राउनिंगसारख्या रचनेत स्लाइड बंद असताना नळीचं तोंड तिच्यात हलतं का पाहा. फ्रेमवर स्लाइड हलणं वेगळं आणि बंद स्लाइडमध्ये नळी सैल असणं वेगळं. दुसरं दिसलं तर दाखवायलाच हवं. रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीच्या कोपऱ्यांत तडा आहे का, स्प्रिंग थकली आहे का, तेही बघा. मग एकाच जातीची काडतुसं घेऊन वाळूच्या पिशवीवरून ग्रुपिंग काढा आणि ते टार्गेट तारीख घालून जपून ठेवा. पुढच्या वर्षी पसारा वाढलेला दिसला, तर काळजी करण्यासारखं कारण आहे. नुसत्या आवाजासाठी कडा ठोकून घेऊ नका. दुरुस्ती करायचीच असेल तर परवानाधारक कारागिराकडेच न्या; १९५९चा शस्त्र कायदा तेच सांगतो.

आणि पिस्तूल अडकलं, तर मागे वळू नका. नळी टार्गेटकडे, बोट चापाबाहेर, रिकामा हात वर. रेंज ऑफिसर येईपर्यंत तसेच उभे राहा.