खारबांध, तिवर आणि भातशेती

किनाऱ्याचे रक्षण म्हटले की शहरातील माणसाला दगडी धूपप्रतिबंधक बंधारा आठवतो. पनवेल-उरणकडील खाडीकाठच्या शेतकऱ्याला आठवतो तो बाहेरकाठा आणि त्यापुढची तिवरे. या दोन्हींची राखण एकत्र केली नाही तर आज जमिनीचा कसच नव्हे, तिचा वापरही हातचा जातो, म्हणून हा विषय शेतकरी बंधूंपुढे मांडीत आहोत.

किनारा राखण्याची बांधिलकी शासनाने व न्यायालयाने टप्प्याटप्प्याने स्वीकारली. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीस मनाई केली. २०१२ साली वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला, तर २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा अंतिम निकाल शेतकऱ्याने नीट समजून घ्यावा. जमीन कोणाच्याही मालकीची असो व क्षेत्र कितीही लहान असो, तिवरांपासून चोहोबाजूंनी ५० मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही. म्हणजे सात-बारा आपल्या नावावर असला तरी त्यात उगवलेले तिवर आपल्या मर्जीने काढता येत नाही.

नवी मुंबईचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९७० नंतर सिडकोने ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसविले. त्यात भातखाचरे होती, मिठागरे होती. जमीन सखल असल्याने वाशी, बेलापूर भागात धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते व ओहोटीला खाडीत जाते. ही डच पद्धत म्हणून सांगितली जाते. आपला खारकरी हेच काम उघाडीने पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे! पुढे या तलावांत गाळ साचला, गाळावर तिवरे वाढली आणि गाळ काढण्याचे काम परवानगीच्या प्रश्नात अनेक वर्षे अडकून पडले. महानगरपालिकेची ही गत, तर एकट्या शेतकऱ्याचे काय होईल, याचा विचार करावा.

खांड पडल्यावर काय होते

बाहेरकाठ्याला खांड पडली की उधाणाचे पाणी खाचरात शिरते. तिवराचे फळ पावसाळ्यात गळते व पाण्यावर तरंगत येते. गळण्यापूर्वीच आतील अंकुर तयार झालेला असल्याने मऊ गाळावर टेकताच ते मूळ धरते. पहिल्या वर्षी ही रोपे किरकोळ वाटतात, परंतु तीन-चार पावसाळे खांड तशीच राहिली तर शेताचे रान होते. मग त्या शेतास कांदळवनाचे नियम लागू होतात. पेण, अलिबाग, उरणकडील अनेक शेतकऱ्यांची हीच तक्रार आहे आणि ती रास्त आहे : बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही, यात प्रत्येक वेळी त्यांचा दोष नसतो.

म्हणून तिवराशी वैर धरावे असे मात्र नाही. बांधाबाहेरची तिवरे लाटेचा जोर मोडतात, त्यांची श्वसनमुळे गाळ धरून ठेवतात आणि बांधाची माती कमी ढासळते. समोरची तिवरे सरपणासाठी तोडणारा आपलाच बांध उघडा पाडतो. तिवर बांधाबाहेर, भात बांधाच्या आत, ही मर्यादा टिकविणे हेच खरे काम आहे.

त्यासाठी एप्रिल-मे महिन्यात बांध पायी फिरून पाहावा. मोठ्या खांडीची सुरुवात बहुधा खेकड्याच्या किंवा उंदराच्या बिळापासून होते. अशी बिळे खणून चिकणमातीने ठोकून बुजवावीत. माती आतील बाजूने, बांधाच्या पायापासून अंतर सोडून घ्यावी. समुद्राकडील पाया कधीही खणू नये. उघाडीच्या झडपा घट्ट मिटतात की नाही हे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाहावे. पूर्वी गावे एकत्र येऊन हे काम करीत. आता ते शासनाचे म्हणून सोडून दिले जाते, हे बरे नाही.

खांड पडल्यास तिची तारीख असलेली छायाचित्रे घ्यावीत, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा व खारभूमी विकास विभागाकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. खारे पाणी रोखण्याच्या कामांना किनारा नियमनाच्या अधिसूचनेत वाव आहे, पण परवानगी घेऊनच. पिकाची नोंद दरवर्षी ई-पीक पाहणीत करावी. जमीन भाताखाली होती याचा पुरावा पुढे तीच देते.

खांड बुजविल्यानंतर

पहिल्या जोरदार पावसाचे पाणी खाचरात साठवून ओहोटीला उघाडीतून सोडावे. असे दोन-तीन वेळा केल्याने वरच्या थरातील क्षार धुऊन जातात. भात रोपावस्थेत व फुलोऱ्यात क्षारांना फार हळवे असते, म्हणून कोवळी रोपे लावू नयेत आणि चुडात रोपांची संख्या थोडी वाढवावी. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षारसहनशील जाती निवडाव्यात. कापणीनंतर जमीन उघडी टाकल्यास उन्हाने क्षार वर येतात. शक्य तेथे ओल असतानाच नांगरट करावी किंवा भाताचा पेंढा पसरून ठेवावा.