तृणमण्यातील माशीची ओळख

घासलेला तृणमणी गवताची काडी आपल्याकडे ओढून घेतो. त्याच्या नावाचे मूळ याच गुणात आहे. फारसीतील 'कहरुबा' या नावाचा अर्थही तोच. व्यवहारात त्यास अंबर असेही म्हणतात. परंतु देवमाशापासून मिळणारे सुगंधी अंबर निराळे. तृणमणी खाणीत सापडत असला, तरी तो मुळात वनस्पतिज पदार्थ होय. प्राचीन वृक्षांच्या खोडांतून पाझरलेली राळ जमिनीत गाडली जाऊन दीर्घ काळाने घट्ट होते व तिचा तृणमणी बनतो. राळ ओली असताना तीत एखादे चिलट अडकले, तर त्याच्या अंगावरील केस व पंखांतील शिरादेखील कोट्यवधी वर्षे टिकून राहू शकतात. अशा चिलटाची ओळख कशी पटवितात आणि त्या ओळखीस एवढे महत्त्व का आहे, हे या पाठात पाहू.

गुजरातमधील तृणमणी

सुरत जिल्ह्यात वस्तान व तडकेश्वर येथे लिग्नाइट या कोळशासाठी उघड्या खाणी खोदण्यात आल्या. तेथील थरांत सुमारे ५ ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा तृणमणी आढळतो. वस्तान येथील तृणमण्यातील जीवांचा पहिला वृत्तांत भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील हुकम सिंग, जर्मनीतील येस रुस्ट, अमेरिकेतील डेव्हिड ग्रिमाल्डी इत्यादी शास्त्रज्ञांनी मिळून केलेला विस्तृत अभ्यास २०१० मध्ये प्रकाशित झाला. त्यात कीटक व त्यांच्या आप्तजीवांचे १४ गण, ५५ हून अधिक कुले व १०० हून अधिक जाती नोंदविलेल्या आहेत. ही राळ ज्या वृक्षांची, त्यांच्याच कुलात आजचा साल वृक्ष मोडतो.

पहिली परीक्षा : मण्याची

माशीकडे वळण्यापूर्वी मणी खरा आहे की नाही, हे तपासावे लागते. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात बाल्टिक प्रदेशातील तृणमण्यात अडकलेली म्हणून एक माशी जपून ठेविली होती. विली हेनिग या नामांकित कीटकशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तिचा विचार केला आणि ती आजही शौचकूपांजवळ आढळणारी फॅनिया स्कॅलॅरिस ही जाती असल्याचे मानले. एक जाती कोट्यवधी वर्षांत मुळीच बदलली नाही, असा त्याचा अर्थ होत होता. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस हे तो मणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता दिव्याच्या उष्णतेने त्यात एक भेग दिसू लागली. कोणीतरी मणी चिरून, आतून पोखरून, त्यात अलीकडची माशी ठेवून तो पुन्हा चिकटविला होता! माशीचे नाव बरोबर होते. पुरावा मात्र खोटा होता.

खरा तृणमणी मिठाच्या संपृक्त द्रावणावर तरंगतो, तर बहुतेक प्लास्टिके त्यात बुडतात. कोपल नावाची अलीकडची राळ मद्यार्क किंवा ॲसिटोन यांच्या थेंबाने चिकट होते. तथापि, कोणतीही कसोटी डोळे मिटून लावता येत नाही. गुजरातमधील तृणमणी खरा व प्राचीन असूनही सेंद्रिय द्रावकांत सहज विरघळतो. म्हणून मणी कोणत्या थरातून निघाला, याची नोंद रासायनिक परीक्षेइतकीच मोलाची असते. या विद्राव्यतेचा एक लाभही आहे : राळ विरघळवून आतील कीटक संपूर्ण बाहेर काढता येतो.

दुसरी परीक्षा : माशीची

प्रथम पंख मोजावेत. माशी, डास व चिलट हे द्विपंखी गणातील कीटक असून त्यांना उडण्याचे पंख दोनच असतात. मागील पंखांच्या जागी टाचणीसारखे दोन लहान अवयव असतात. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल सांभाळण्याचे कार्य ते करतात. त्यानंतर शृंगिका पाहाव्यात. डास व चिलटे यांच्या शृंगिका लांब व अनेक खंडांच्या असतात, तर घरमाशीच्या आखूड असून त्यांवर एक केसासारखा काटा असतो.

यापुढील वाचन पंखांवरील शिरांचे. डासाच्या शिरांवर खवले असतात व त्याची सोंड लांब असते. चावऱ्या चिलटांची, म्हणजे सेराटोपोगोनिडी कुलाची, सोंड आखूड असून पंखातील मध्यशिरेला बहुधा दोन फाटे फुटतात. न चावणाऱ्या कायरोनोमिडी कुलात ही शिरा फुटत नाही. एका शिरेच्या फाट्यावरून कुल बदलते, हे लक्षात ठेवावे. मणी गढूळ असल्यास अथवा कीटक वेडावाकडा पडला असल्यास सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने त्याचे त्रिमित रूप पाहतात.

जाती ठरविण्यासाठी मात्र आजच्या कीटकांशी तुलना आवश्यक असते. त्याकरिता सुव्यवस्थित संग्रह हवेत. नवी दिल्लीतील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा राष्ट्रीय पुसा संग्रह हा असा एक होय. तो १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे सुरू झाला व १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये, संस्थेबरोबर दिल्लीस आला. टाचणीला टोचलेल्या, नाव व स्थळ लिहिलेल्या अशा नमुन्यांवाचून प्राचीन कीटकाला नाव देणे म्हणजे कोशावाचून अनोळखी लिपी वाचणे होय.

चिलटाची साक्ष

भारतीय भूभाग दक्षिणेकडील गोंडवन खंडापासून तुटून उत्तरेस सरकत आला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला. एवढ्या प्रवासात येथील प्राणी एकाकी राहून अगदी वेगळे झाले असतील, असा तर्क होता. तृणमण्यातील कीटकांनी निराळी साक्ष दिली. त्यांचे नातलग त्या काळच्या उत्तर युरोपात, आजच्या ऑस्ट्रेलेशियात व उष्णकटिबंधीय अमेरिकेतही आढळले. चावऱ्या चिलटांच्या २०१७ मधील अभ्यासानेही येथील जीवसृष्टी एकाकी नव्हती, असाच निष्कर्ष काढला. २०१६ मध्ये वर्णिलेल्या कॅम्प्टॉप्टेरोहेलिया ओडोरा या चिलटाच्या पंखावर तर खिशासारखी रचना दिसली. जोडीदारास आकर्षिणारा गंध पसरविण्यासाठी ती असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे.

एका शिरेचे चुकीचे वाचन झाल्यास नातलग चुकतात आणि नातलग चुकले की खंडाचा इतिहासही चुकतो. शिवाय लिग्नाइट हे इंधन आहे. कोळशाबरोबर जो मणी भट्टीत जातो, त्याची साक्ष कायमची बुडते. म्हणून खाणीत वेळेवर वेचलेला व स्थळ-थराची नोंद असलेला लहानसा तुकडाही जपावा लागतो.

स्वाध्याय : एक मेलेला डास व एक मेलेली घरमाशी पांढऱ्या कागदावर ठेवून दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहा. पंख मोजा, संतोलक शोधा व शृंगिकांची चित्रे काढा. चित्राखाली तारीख व स्थळ लिहावयास विसरू नका.