घरचा पाठ आणि गटाचा अभ्यास

शेतीविषयक ज्ञान शेतकऱ्याच्या दारी पोहोचविणारी साधने आज पुष्कळ झाली आहेत. हातातील मोबाईलवर एखाद्या पिकाचा अभ्यासक्रम पाठोपाठ पाहता येतो. दिवसभराचे काम आटोपल्यावर सवडीने बसावे, न समजलेला भाग पुन्हा ऐकावा, अशी सोय पूर्वी नव्हती. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षण-योजनेतही शेतीचे अभ्यासक्रम आहेत.

तथापि पाठ पाहणे आणि तो शेतात उतरणे यांत बरेच अंतर असते. एकट्याने पाठ पाहिला म्हणजे आलेली शंका मनातच राहते. आणि पेरणीची घाई सुरू झाली की शेतकरी जुन्या वहिवाटीवरच येतो. हे अंतर कमी कसे करावे, याचा येथे विचार करू.

पुण्याचा प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळालेले आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साह्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या तत्कालीन पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढे रेडिओवरून दिली जात.

मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळांच्या गावी लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे दिसून आले. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, ही वाढ फारच थोडी होती. म्हणजे केवळ ऐकल्याने फारसे साधले नाही. ऐकल्यावर चौघांत झालेल्या चर्चेने ते साधले.

रेडिओची वेळ ठरलेली असल्यामुळे मंडळ आपोआप जमत असे. मोबाईलवरील पाठाला वेळेचे बंधन नाही. ही सोय खरी, परंतु तीमुळेच पाठ ‘उद्या पाहू’ म्हणून राहून जातो. यास्तव गटाच्या बैठकीचा वार व वेळ मात्र पक्की असली पाहिजे.

घरी काय व गटात काय?

जे सांगून समजते ते घरी शिकावे. जे हाताने करावयाचे किंवा विचाराने ठरवावयाचे, ते गटात घ्यावे. सोयाबीनच्या बियाण्याचे उदाहरण पाहू.

घरचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती कशी तपासावी, हा पाठ प्रत्येकाने घरी पाहावा. गटाच्या बैठकीस येताना घरच्या बियाण्याचा नमुना आणावा. नमुना एकाच पोत्याच्या तोंडातून न घेता निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून व खालून घ्यावा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडावे, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. पुढील आठवड्याच्या बैठकीत गुंडाळ्या सर्वांसमक्ष उघडून केवळ सशक्त कोंब मोजावे.

सत्तर किंवा अधिक कोंब निघाल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरते. साठच निघाल्यास ३५ किलो लागते. त्याहून कमी उगवण असल्यास ते बियाणे पेरण्याच्या भरीस न पडता दुसऱ्याची तजवीज करावी. मळणीत आपटलेले बियाणे दिसावयास चांगले असूनही का उगवले नाही, शेजाऱ्याचे का उगवले, ही चर्चा येथेच होते. दुबार पेरणीचे संकट आले म्हणजे बियाणे, मजुरी व हंगाम या तिहींचे नुकसान होते. त्यातील बियाण्याच्या दोषाने येणारे संकट या एका बैठकीने टळू शकते.

ग्रामसेवकांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. गट पंधरा ते वीस जणांचा असावा. त्यात लहान शेतकरी व शेतकरी भगिनी अवश्य असाव्यात. निंदणी-वेचणीचा अनुभव त्यांच्यापाशी असतो.

२. एका आठवड्यास एकच लहान पाठ द्यावा व तो हंगामातील चालू कामाचा असावा.

३. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांची जोडी शेजाऱ्याशी लावून द्यावी. कोणी पाठ न पाहता आल्यास त्यास परत पाठवू नये.

४. बैठकीत पाठ पुन्हा सांगत बसू नये. प्रथम सभासदांच्या शंका विचाराव्यात आणि अनुभवी शेतकऱ्यास बोलू द्यावे.

५. ज्या शंकेचे उत्तर येत नाही, ती वहीत लिहून घ्यावी, कृषी विज्ञान केंद्राकडून उत्तर मिळवावे व पुढील बैठकीत वाचून दाखवावे. उत्तर न मिळालेला शेतकरी दुसऱ्यांदा विचारीत नाही.

६. उठण्यापूर्वी कोणी, कोणत्या शेतात, किती गुंठ्यांवर काय करून पाहावयाचे, हे ठरवून नोंदवावे.

खरिपाच्या पेरणीपूर्वी प्रत्येक ग्रामसेवकाने निदान एका गावी असा एक गट उभा करावा आणि पहिली बैठक बियाण्याच्या तपासणीची घ्यावी. गोणपाट, पाणी व शंभर दाणे एवढेच साहित्य त्यास पुरेसे आहे.