चेहऱ्याला गोळी लागली तर

बिडकीनच्या शेतवस्तीवर वा औद्योगिक पट्ट्यात कुणाच्या तोंडाला गोळी किंवा छर्रे लागले, तर आधी श्वास सांभाळा. घाबरून लोक जखमीला उताणं निजवतात आणि तिथेच घात होतो. जबडा तुटला की जीभ मागे पडते, रक्त घशात उतरतं. शुद्धीत असेल तर त्याला बसवून पुढे वाकवा, रक्त बाहेर गळू द्या. बेशुद्ध असेल तर मान न पिळता कुशीवर वळवा. जखमेवर स्वच्छ कापडाचा दाब द्या, पण डोळ्यावर नको. पाणी पाजू नका, नाक शिंकरू देऊ नका. १०८ रुग्णवाहिका बोलवा आणि पैठण रस्त्याने थेट घाटी रुग्णालय गाठा. पोलिसांसाठी खोळंबू नका. आधी उपचार, मग कागद, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा निकालातच बजावलंय.

रुग्णालयात तोंडातून नळी जात नसेल तर गळ्याला छिद्र पाडून श्वास मोकळा करतात. नाकातून नळी घालणं टाळतात, कारण कवटीचा तळ फुटलेला असू शकतो. रक्तस्राव थांबवून, टिटॅनसचं इंजेक्शन देऊन मग सीटी स्कॅन. शरीरात धातू असताना एमआरआय नको.

शस्त्रक्रियेत गोळीमागे धावू नये. खोल रुतलेला, त्रास न देणारा तुकडा तसाच राहिला तरी चालतो. खरं काम सायनसचं, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या पोकळ्यांचं. गोळीबरोबर कापडाचे धागे, दातांचे तुकडे आत जातात. भरपूर सलाइनने धुऊन ते वेचायचे, सुटी पडलेली हाडं काढायची, मांसाला चिकटलेली ठेवायची. चेहऱ्याचा रक्तपुरवठा एवढा चांगला, की काळवंडलेली कडाही पुष्कळदा जगते. संशय असेल तर एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडून पाहावं. सायनसचा निचरा नाकात मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर पू साठतो. कपाळाच्या सायनसची मागची भिंत फुटून नाकातून पाण्यासारखा द्रव गळत असेल, तर मेंदूच्या सर्जनला लगेच बोलवावं.

हाडं जुळवताना आधी वरचे-खालचे दात एकमेकांवर बसवून तारेने बांधतात, मग प्लेटा. गेलेलं नाक नंतर बसवतात; ही कला जुनी आहे. टिपू सुलतानच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं होतं. लंडनच्या मासिकात ते १७९४ मध्ये छापून आलं. कपाळाची तीच कातडी आजही वापरतात. तारा सुटल्या की तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करायचा, नाहीतर जबडा आखडतो.