लेकराचं अंग घासू नकोस

अगं, आधी मनातली भीती काढून टाक. पोरीच्या दंडांवर आणि मांड्यांवर बारीक काटे आलेत, हात फिरवला की किसणीसारखं लागतं, ते मळ नाही, उष्णता नाही आणि लागणही नाही. डॉक्टर त्याला केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. केसाच्या मुळाशी केराटिन साठतं आणि तोंड बंद होतं, एवढंच. बहुतेक वेळा ते घराण्यात चालत आलेलं असतं. आईचे दंड आठव, म्हणजे पटेल.

दिवाळी सरली की ते वाढतं, कारण आपल्याकडची थंडी कोरडी. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या नोंदीत पारा दहा अंशांखाली येतो, त्यात बोअरचं जड पाणी आणि आपण लेकराला घालतो ते कढत पाणी. सासूबाई डाळीचं पीठ लावून खसाखसा चोळतात, प्रेमानंच चोळतात, पण त्यांना हात जोडून सांग की वजरी आणि घासणी पोरीपासून लांब ठेवा. घासलं की कातडी लाल होते, जास्त कोरडी पडते आणि काटे पुन्हा येतात.

अंघोळीचं असं कर. पाणी विसण घालून कोमट कर, पाच-दहा मिनिटांत आटप. साबण काखेत, जांघेत आणि पायांना पुरे. पंच्यानं पुसू नकोस, नुसतं टिपून घे. अंगाला थोडा ओलावा असतानाच, मोरीच्या दारातच, तीन मिनिटांच्या आत व्हॅसलीन नाहीतर बिनवासाचं जाडसर क्रीम दंडांवरून, मांड्यांवरून हलक्या हातानं पसरव. अंग वाळल्यावर लावलं तर निम्मा गुण जातो. रात्री झोपताना पुन्हा एकदा लाव. युरियाचं क्रीम या त्रासावर चांगलं, पण लहानाला किती टक्क्यांचं द्यायचं ते डॉक्टरांनाच विचार, ओरखडलेल्या जागी ते झोंबतं.

घरचं तेलच हवं तर खोबरेल लाव. करडई मात्र पोटात जाऊ दे. आपल्याच विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ नावाचा वाण काढलाय आणि आपण मात्र पाकिटातल्या तेलावर गेलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. करडईत लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि कातडीला ओलावा धरून ठेवायला तेच लागतं. खिचडीवर कच्च्या तेलाची धार सोड, सोबत जवसाची चटणी दे.

कोपरं आणि गुडघ्यांवर मोठे, टोकदार काटे आले तर ते दुखणं वेगळं. त्याला फ्रिनोडर्मा म्हणतात, आणि ते खाण्यातल्या उणिवेनं येतं: लिनोलेइकसारखं स्निग्ध आम्ल, ब जीवनसत्त्वं, अ जीवनसत्त्व. अ जीवनसत्त्व कमी पडून लेकरू दिवेलागणीला अंधुक दिसल्यानं ठेचकाळत असेल तर थांबू नकोस, डॉक्टरांकडे ने. अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस मिळतात. पोरीचे किती झाले, ते कार्ड काढून बघ. आणि कोपराच्या, गुडघ्याच्या आतल्या घडीत खाज सुटून पाणी येत असेल तर तो इसब. त्यालाही डॉक्टरच लागतात.

आता ती ट्यूब. मेडिकलवाल्यानं ‘दोन दिवसांत गुण येतो’ म्हणून दिलेली. गुण येतो, कारण तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. मनानं लावत राहिलं तर लेकराची कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि बंद केलं की पुरळ दुप्पट उठतं. म्हणून तर केंद्र सरकारनं मार्च 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. डॉक्टरांनी तपासून, इतके दिवस लाव म्हणून दिलं तर गोष्ट निराळी.

काटे पूर्ण जातील असं मी म्हणणार नाही. महिनाभरात मऊ पडतात, पुढे वयाबरोबर बऱ्याच जणांचे कमी होतात. क्रीम मात्र रोज लागतं. आज एवढं कर: त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एकही नाव दिसलं तर स्वतःच्या मनानं लावू नकोस, ट्यूब घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा.