निलंबन किती दिवसांचं?

विधिमंडळ सचिवालयातून निवृत्त झालेल्या काकांकडे राज्यशास्त्र शिकणारी पुतणी एक शंका घेऊन आली होती. ५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं. सभागृहाच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने का पडावं?

“आधी नियम ५३ बघ,” काका म्हणाले. “गंभीर गैरवर्तन झालं तर अध्यक्ष सदस्याला बाहेर जायला सांगतात. तो त्या दिवसापुरता बाहेर. त्याच अधिवेशनात पुन्हा तसंच केलं, तर उरलेल्या अधिवेशनापुरता. नियम याच्या पुढे जात नाही.”

“पण इथे तर सभागृहानेच ठराव केला. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांना शिवीगाळ झाली, असा आरोप होता.”

“आमदारांनी तो नाकारला होता. पण ते बाजूला ठेव. सभागृहाला शिक्षेचा अधिकार आहे, हे न्यायालयालाही मान्यच आहे. प्रश्न मुदतीचा होता. ते अधिवेशन अवघं दोन दिवसांचं! कामकाज नीट चालावं म्हणून निलंबन करायचं, तर अधिवेशन संपल्यावर ते कशासाठी चालू ठेवायचं?”

पुतणी म्हणाली, “जरब बसावी म्हणून.”

“आणि त्या १२ मतदारसंघांचं काय?” काकांचा आवाज चढला. “संविधानाचं कलम १९०(४) घे. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिक्त ठरवू शकतं. रिक्त जागा साधारण सहा महिन्यांत भरायची असते. निलंबित आमदाराची जागा मात्र रिकामी नसते, त्यामुळे पोटनिवडणूकही नाही. अर्थसंकल्प येतो, विधेयकं मंजूर होतात आणि त्या मतदारांच्या वतीने बोलायला सभागृहात कुणीच नसतं.”

“म्हणजे हकालपट्टी परवडली?”

“मतदारांना, हो. न्यायालयानेही हेच म्हटलं, वर्षभराचं निलंबन हकालपट्टीपेक्षा वाईट. २८ जानेवारी २०२२ रोजी अधिवेशनापलीकडचं निलंबन रद्द झालं. मला तो निकाल पूर्ण पटतो.”

हकालपट्टीचा इतिहासही जुना आहे. मुंबई बुलियन असोसिएशनकडून आर्थिक लाभ घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याबद्दल १९५१मध्ये एच. जी. मुद्गल यांच्यावर ती वेळ आली होती. नेहरूंनी स्वतः ठराव मांडला आणि मुद्गल यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याप्रकरणी लोकसभेचे १० आणि राज्यसभेचे एक असे ११ खासदार घालवले गेले. २००७मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ती कारवाई वैध ठरवली. पण सभागृहाचा निर्णय उघड बेकायदा किंवा घटनाबाह्य असेल तर तो तपासता येतो, हेही तेव्हाच स्पष्ट झालं.

“घालवलेला सदस्य पुन्हा उभा राहू शकतो?”

“निव्वळ हकालपट्टीने निवडणुकीला अपात्रता येत नाही. आपल्याच विधानसभेने १९६४मध्ये जांबुवंतराव धोटे यांना काढलं होतं. पोटनिवडणूक झाली, आणि लोकांनी त्यांनाच परत पाठवलं.”