हॅलोविनच्या रात्री बाहेर पडताना

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींचं पहिलं सत्र रुळतं न रुळतं तोच ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, म्हणजे सोंगं घेऊन पार्ट्यांना जायची रात्र, येते. हॅलोविनला जरूर जा. बरीचशी तयारी मात्र दिवसाउजेडी, शांत डोक्याने करायची असते.

आधी पोशाख ठरवा. भूत, चेटकीण, भोपळा, सिनेमातलं पात्र, काहीही चालेल. एखाद्या समाजाची ओळख मात्र सोंग म्हणून घेऊ नका. चेहऱ्याला काळा रंग तर कधीच फासू नका. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे 'मिन्स्ट्रेल' खेळ करत. तो अपमान तिथे कुणी विसरलेलं नाही. आपल्या गॅदरिंगमध्ये खपून गेलं म्हणून तिथे खपेल असं समजू नका. मूलनिवासींचा पिसांचा शिरटोपही नको, कारण तो त्यांच्यात मानाचा असतो. ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये अशा सोंगांविरुद्ध पोस्टरची मोहीम काढली होती, आणि ती देशभर पोहोचली. कुणी कालीमातेचं सोंग घेतलं आणि तुम्हाला ते खुपलं, तर त्या व्यक्तीला बाजूला नेऊन का खुपलं ते सांगा. बहुतेकांना ते खरोखरच माहीत नसतं.

पोशाखात खरी वाटणारी बंदूक नको. मुखवट्यातून दोन्ही बाजूंचं दिसतंय ना, हे रस्ता ओलांडण्याआधीच पाहा.

मग पत्ता. १९९२ मध्ये लुईझियानातल्या बॅटन रूजजवळ योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घरी पोहोचला. घरमालकाने त्याला गोळी घातली. म्हणून घर क्रमांकासह पत्ता घ्या, दारात पोहोचण्याआधी यजमानाला फोन करा आणि शंका आली तर रस्त्यावरच थांबा. कुणी 'फ्रीझ' असं ओरडलं, तर जागचं हलू नका.

निघण्यापूर्वी पोटभर जेवा, फोन चार्ज करा. दोघातिघांचा गट करा आणि परतीची वेळ व वाहन तेव्हाच ठरवा. गटातल्या एकाने त्या रात्री पिऊ नये.

तिथे २१ वर्षांखालच्यांना दारू पिणं बेकायदा आहे. पिणाऱ्यांनी माप लक्षात ठेवावं: ३५५ मिलिलिटर साधी बिअर किंवा ४४ मिलिलिटर व्हिस्की म्हणजे एक पेय. पार्टीतल्या मोठ्या पातेल्यातल्या सरबतात किती दारू आहे ते कळत नाही, म्हणून ते टाळा. आपला पेला स्वतः भरा, हातातच ठेवा. खाली ठेवून गेलात तर परत आल्यावर ओतून टाका. प्यायल्यावर गाडी चालवू नका. त्यात अटक झाली तर व्हिसाही रद्द होऊ शकतो.

पोशाख तोकडा आहे म्हणून कुणाला हात लावायची मुभा मिळत नाही. नाचायला, फोटोला, जवळ जायला आधी विचारा. समोरची व्यक्ती धड बोलू शकत नसेल, तर तिचा होकार धरायचाच नाही. मैत्रिणीला कुणी कोपऱ्यात अडवून धरलं असेल, तर तिला हाक मारा, काहीतरी निमित्त काढून बाहेर आणा.

कुणी हलवूनही उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल किंवा अंग गार, निळसर पडलं असेल, तर लगेच ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. झोपून उतरेल असं म्हणत थांबू नका. पोटातली दारू झोपेतही रक्तात मिसळत राहते. मदत येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. कॉफी पाजू नका, गार पाण्याखाली धरू नका, एकट्याला सोडू नका. आपण अडकू या भीतीने मुलं फोन करत नाहीत, हे फार वाईट. बहुतेक राज्यांत मदत मागणाऱ्याला अशा वेळी कायद्याचं काही ना काही संरक्षण असतं. आपल्या राज्याचा आणि विद्यापीठाचा नियम आधीच वाचून ठेवा.

ठरलेल्या वेळी गट मोजा. एक जण कमी असेल, तर त्याला शोधल्याशिवाय गाडी बोलवू नका.